पत्राखाली नाव नव्हतं

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं रूममेटने सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि मग घाबरले. दहावीपर्यंत माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास, आणि शाळेच्या आवारात मराठीतून बोलताना सापडलं तर दंड. त्यामुळे मी विचार एका भाषेत करते, भांडते दुसऱ्या भाषेत, आणि लिहायची वेळ आली की दोन्हीकडे अडखळते. या लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याच चुका संपादक मंडळाने दुरुस्त केल्या आहेत. उरलेल्या माझ्या समजाव्यात.

विषय मात्र शोधावा लागला नाही. तो मला आमच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर सापडला.

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. मुलींच्या होस्टेलची रीडिंग रूम रात्री साडेनऊला बंद व्हायची आणि मुलांची रात्रभर उघडी असायची. आम्ही रीतसर अर्ज केला होता. तीन पानं, मुद्देसूद, वर सह्या, आणि शिवाय एक बार चार्टसुद्धा (इंजिनिअर आहोत ना!). अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा पडला आणि तो विचाराधीनच राहिला. मग एका सकाळी बोर्डावर हाताने लिहिलेला एक कागद दिसला. खाली नाव नाही. त्यात मुद्दे नव्हते, चार्ट नव्हता. कोणीतरी एवढंच लिहिलं होतं की एम-थ्रीचा बॅकलॉग काढायला ती रोज रात्री बाथरूमजवळच्या पॅसेजमध्ये, ट्यूबलाईटखाली, पायाशी कासवछाप लावून बसते. येणारी जाणारी प्रत्येक जण तिला ओलांडून जाते, आणि पाणी सांडलं की वह्या उचलून घ्याव्या लागतात. कागद दुपारपर्यंत कोणीतरी फाडला. पण तोवर तो सगळ्यांनी वाचला होता, मेसच्या मावशींनीसुद्धा. महिनाभराने रीडिंग रूमची वेळ साडेअकरा झाली. त्या कागदामुळेच झाली असं माझं म्हणणं नाही. पण आमच्या बार चार्टमुळे झाली नाही एवढं नक्की!

त्याच दिवसांत लायब्ररीत (सबमिशन टाळण्यासाठी मी तिथेच बसते) डॉ. रखमाबाईंबद्दल वाचायला मिळालं. नाव ऐकून माहीत होतं. त्यांच्यावर मराठी सिनेमा आलाय हेही माहीत होतं. पण या बाईंनी सुरुवात डॉक्टर म्हणून नव्हे तर एका निनावी पत्राने केली, हे मला माहीत नव्हतं. ते पत्र छापून आलं जून १८८५ मध्ये. तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. मीपण आत्ता वीस वर्षांची आहे. त्यामुळे हिशोब लगेच डोक्यात बसला.

पण आधी पहिल्यापासून.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. आईचं नाव जयंतीबाई, वडील जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी नवरा गेला. म्हणजे आपण ज्या वयात बारावीचे क्लास लावतो त्या वयात ही बाई विधवा होती आणि कडेवर लहान मूल. यांची जात सुतार. त्या जातीत विधवेला पुन्हा लग्न करायची मुभा होती. म्हणून काही वर्षांनी जयंतीबाईंचं दुसरं लग्न झालं, डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. लग्नाआधी त्यांनी पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावावर करून दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कोर्टात ती फिरून येते.

सखाराम अर्जुन हे मला फार आवडलेलं पात्र. पेशाने डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली, तिच्या संस्थापकांपैकी एक. पण एवढा शिकलेला माणूस घरात असूनही मुलीचं लग्न लागलंच. रखमा अकरा वर्षांची आणि नवरा दादाजी भिकाजी एकोणीस-वीसचा. हा सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला, परिस्थितीने गरीब. त्याने घरजावई म्हणून राहावं, शिकावं, माणूस व्हावं, असं ठरलं होतं. रखमा वयात आल्यावर लगेच तिला नवऱ्याच्या हवाली करायला मात्र सखाराम अर्जुनांनी ठाम नकार दिला. डॉक्टर होते ते. एवढ्या लहान वयातल्या मातृत्वाने शरीराचं काय होतं हे त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती, आणि घरात जयंतीबाई होत्याच.

दादाजी काही शिकले नाहीत. अभ्यास सोडून ते मामाच्या घरी राहायला गेले, पुढे आजारीही पडले. इकडे रखमाची शाळा लग्नानंतर सुटली होती, पण वाचन सुटलं नाही. फ्री चर्च मिशनच्या लायब्ररीतून पुस्तकं आणून ती घरी वाचायची. प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या बैठकांना आईबरोबर जायची. शाळेत न जाता ही मुलगी जे इंग्रजी शिकली, ते पुढे 'टाईम्स ऑफ इंडिया'ने छापलं. मी चौदा वर्षं इंग्रजी शाळेत घालवली, आणि माझी इंग्रजी कविता कॉलेजच्याच इंग्रजी विभागाने परत केली. असो.

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलाकडून नोटीस पाठवली: बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाईंनी जायला नकार दिला. प्रकरण मुंबई हायकोर्टात जायची चिन्हं होती आणि एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. ज्या माणसाच्या आधारावर हे सगळं उभं होतं तोच गेला. आणि त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांत ते पत्र आलं.

पत्राखाली सही होती 'अ हिंदू लेडी'. विषय बालविवाह. बालविवाहावर तेव्हा पुरुष मंडळी भरपूर लिहीत होती. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्येच आपली टिपणं काढून देशभर वाद पेटवला होता. शास्त्रात काय आहे, सरकारने मध्ये पडावं की नाही, लोकसंख्या, वंशाची ताकद, सगळं झालं होतं. म्हणजे अर्जही होता आणि बार चार्टही होता. या पत्रात वेगळं काय होतं? ज्या मुलीबद्दल सगळे बोलत होते ती स्वतः बोलत होती. एकाच लग्नाचा मुलावर काय परिणाम होतो आणि मुलीवर काय, हे तिने शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. मुलगा लग्नानंतरही शाळेत जातो, कॉलेजात जातो, वाटलं तर दुसरी बायको करतो. मुलीचं मात्र त्या दिवसापासून पुस्तक बंद, आणि साध्या साध्या गोष्टींना परवानगी. आपल्याला शिकायचं होतं आणि हे लग्न मधे आलं, असं तिने सरळ स्वतःबद्दल लिहिलं. नियम करणारे सगळे पुरुष होते म्हणून चांगुलपणा त्यांच्या वाट्याला आणि दोष बायकांच्या वाट्याला आले, हेही लिहायला ती घाबरली नाही. सप्टेंबरमध्ये दुसरं पत्र आलं, सक्तीच्या वैधव्यावर. ज्या मुलीच्या आईचं वैधव्य सतराव्या वर्षी सुरू झालं होतं तिचं पत्र.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला एक शंका आली. नाव न घालता लिहिणं म्हणजे भित्रेपणा नाही का? रूममेटशी यावर वाद झाला. ती म्हणाली की नाव घातलं असतं तर लोकांनी पत्र वाचलं नसतं, बाई वाचली असती. मला ते तेव्हा पटलं नाही. पण पुढे काय झालं ते पाहिल्यावर पटलं.

सप्टेंबर १८८५ मध्येच दाव्याची सुनावणी झाली. न्यायमूर्ती पिन्हे हे निवृत्तीच्या जवळ आलेले इंग्रज न्यायाधीश. दावा होता दांपत्याधिकाराचा, म्हणजे साध्या भाषेत, कोर्टाने बायकोला नवऱ्याच्या घरी पाठवावं. गंमत अशी की हा प्रकार आपल्या कुठल्याच शास्त्रातला नाही. तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आलेला. त्यातही इंग्लंडने १८८४ मध्ये अशा प्रकरणातली तुरुंगाची शिक्षा काढून टाकली होती, पण हिंदुस्थानात ती तशीच होती. म्हणजे जुनं मशीन तिकडे भंगारात काढलं आणि इकडे चालू ठेवलं! पिन्हेंनी २१ सप्टेंबरला दावा फेटाळला. कळत नसलेल्या वयात लग्न लागलेल्या आणि कधीही एकत्र न राहिलेल्या बाईला मोठेपणी तिच्या मनाविरुद्ध त्या पुरुषाकडे पाठवणं क्रूरपणाचं होईल, आणि हिंदू कायद्यात याला आधार नाही, असा त्यांचा निकाल.

आणि मग भडका उडाला. परक्या न्यायाधीशाला आमचा धर्म काय कळतो, असा सूर निघाला. 'केसरी'तून टिळकांनी निकालाला विरोध केला, 'नेटिव्ह ओपिनियन' दादाजींच्या बाजूने उभं राहिलं. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. शाळेत टिळक म्हणजे शेंगांची टरफलं आणि सिंहगर्जना एवढंच शिकवलं होतं. या प्रकरणातले टिळक वाचून मला धक्का बसला, हे प्रामाणिकपणे सांगते. त्यांचं म्हणणं मी समजून घ्यायचा प्रयत्न केला: सरकार परकं आहे, ते आज घरात शिरलं तर उद्या कुठे थांबेल? हा प्रश्न खोटा नाही. पण त्या घरात एक मुलगी होती आणि तिला विचारायचं राहून गेलं होतं.

मार्च १८८६ मध्ये अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी दावा पुन्हा चालवायला परत पाठवला. ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

त्या आठवड्याचं कॅलेंडर मी वहीत लिहून ठेवलंय. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात आनंदीबाई जोशी गेल्या. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या, एकवीस वर्षांच्या. त्यांच्या मागे हट्टाने शिकवणारा नवरा होता. आणि त्यानंतर सहाच दिवसांनी मुंबईत बावीस वर्षांच्या दुसऱ्या बाईला कोर्ट सांगत होतं की नवरा किंवा कोठडी. क्रमिक पुस्तकात आनंदीबाईंचा धडा असतो. रखमाबाईंचा निदान आमच्या वेळी तरी नव्हता. कदाचित आदर्श पत्नीचा धडा लिहायला सोपा पडत असेल.

आता नाव लपवण्यात अर्थ नव्हता. 'हिंदू लेडी' कोण हे उघड झालं होतं. एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या 'टाईम्स'मध्ये रखमाबाईंचं पत्र आलं. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांनी त्याच वर्षी निघालेल्या आपल्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकात हे प्रकरण रखमाबाईंच्या पत्रासकट घातलं. मुंबईत त्यांच्या बचावासाठी समिती निघाली. तिकडे दादाजींनीही आपली बाजू मांडणारी पुस्तिका काढली, तीसुद्धा इंग्रजीतून. त्यांचं म्हणणं असं की बायकोच्या नकारामागे खरं कारण ती मिळकत आहे, सासरची मंडळी ती सोडायला तयार नाहीत. रखमाबाईंनी जूनमध्ये 'बॉम्बे गॅझेट'मधून या पुस्तिकेला उत्तर दिलं. विचार करा, ज्या गोष्टी घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलल्या जातात त्या सगळ्या पेपरात. कोण किती कमावतो, कोणाला काय आजार आहे, कोणाच्या घरी कसं वातावरण आहे. रूममेटचं म्हणणं मला इथे पटलं. निनावी पत्राने लोक विषयावर भांडले होते. नाव उघड झाल्यावर ते बाईवर तुटून पडले. तिचं इंग्रजी, तिचं शिक्षण, तिचं चारित्र्य. आणि तरीही तिने लिहिणं थांबवलं नाही.

यापुढची गोष्ट बऱ्याच ठिकाणी अशी सांगितलेली असते की व्हिक्टोरिया राणीने हुकूम काढून लग्न रद्द केलं. वाचायला छान वाटतं, पण तसं झालेलं नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेतले आणि हक्क सोडला. राणी नाही, क्रांती नाही, पावती! पुढे दादाजींनी दुसरं लग्न केलं. रखमाबाईंना तो रस्ताच नव्हता, कारण हिंदू बाईला घटस्फोट नव्हता. कायद्याच्या लेखी त्या दादाजींची बायकोच राहिल्या.

तुरुंगाची ती शिक्षा हिंदुस्थानच्या कायद्यातून १९२३ मध्ये गेली. नांदायला पाठवण्याचा दावा मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही कलम ९ म्हणून आला. फक्त आता नवरा किंवा बायको कोणीही तो लावू शकतं आणि अंमलबजावणी तुरुंगाने नाही, मालमत्तेच्या जप्तीने. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध धरलं. मी लॉची विद्यार्थिनी नाही, पण हे वाचून माझा चहा थंड झाला.

डॉक्टरकीचा भाग मी भराभर सांगते, कारण तो सगळीकडे मिळतो. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी जायला सांगितलं, पैसे जमवायला मदत केली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये शिकल्या, परीक्षा दिल्या आणि ब्रुसेल्सहून एम.डी. झाल्या. परत येऊन आधी सुरत, मग राजकोट, मिळून जवळपास ३५ वर्षं त्यांनी बायकांच्या इस्पितळांत काम केलं. भारतात प्रॅक्टिस करणारी पहिली स्त्री डॉक्टर असं कोणी लिहिलं तर सावध राहा, कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीच्या. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बायका बाळंतपणाला इस्पितळात यायला घाबरत, तेव्हा रखमाबाईंनी म्हणे एका गाभण शेळीला इस्पितळात आणून तिचं बाळंतपण केलं आणि सगळ्यांना दाखवलं. ही हकिकत सांगोवांगीची आहे. पण पटवून देण्याची ही पद्धत पाहता, ती त्यांचीच असावी असं मला वाटतं.

आता मला सर्वात अडलेली जागा. १९०४ मध्ये दादाजी वारले. ही बातमी कळल्यावर रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली.

मी पुस्तक मिटून ठेवलं. अक्षरशः रागच आला. ज्या नवऱ्याला नवरा मानायचं नाही म्हणून ही बाई तुरुंगात जायला निघाली होती, ज्या वैधव्याविरुद्ध तिने सप्टेंबर १८८५ मध्ये तसं पत्र लिहिलं, ती चाळिशीत त्याच माणसासाठी पांढरं नेसते? मी हे रूममेटला सांगितलं आणि रात्री एक वाजेपर्यंत आमची चर्चा चालली (रेक्टर मॅडम, सॉरी). तिचं मत असं की सुरतेत रोज दारोदार जाऊन बायकांना इस्पितळात आणायचं तर लोकांच्या डोळ्यात खुपून चालत नाही. त्या काळी एकटी राहणारी डॉक्टरीण हीच मोठी अडचण होती, विधवा डॉक्टरीण लोकांना समजत होती. माझं मत असं की मग ते अजूनच वाईट. मग तिने विचारलं की तू घरी जाताना बसस्टँडवर ओढणी का घेतेस. मी गप्प बसले. उत्तर होतं, पण ते तिच्याच बाजूचं होतं.

घरी गेले तेव्हा आजीलाही विचारलं. आजी सातवी शिकलेली. पुढे शिकायचं होतं, पण लग्न ठरलं. तिला रखमाबाई कोण हे सांगायला मला अर्धा तास लागला, कारण माझं मराठी मधेमधे संपत होतं. सगळं ऐकून आजीला ना कोर्टाचं आश्चर्य वाटलं ना पांढऱ्या लुगड्याचं. तिने विचारलं की दोन हजार रुपये तेव्हा म्हणजे किती, आणि ते कोणी भरले. मला सांगता आलं नाही. मग ती उठून आत गेली आणि आपली सातवीची मार्कशीट घेऊन आली. ती अजून जपून ठेवली आहे हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. गणितात शंभरपैकी नव्वद.

पांढरं लुगडं नेसलेल्या रखमाबाईंनी लिहिणं मात्र सोडलं नाही. १९२९ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी पडदा पद्धत का मोडावी यावर पुस्तिका काढली. वय चौसष्ट. म्हणजे त्या वेशामुळे त्यांचं मत बदललं होतं असं म्हणायला जागा नाही. वेश एकीकडे आणि पेन दुसरीकडे, आणि दोन्ही त्याच बाईचे. मी यावर अजून समाधानी नाही. रूममेट आहे.

२५ सप्टेंबर १९५५ ला मुंबईत रखमाबाई गेल्या, नव्वद वर्षांच्या होऊन. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी मे महिन्यात लागू झाला होता. त्यात घटस्फोट होता, आणि कलम ९ होतं.

आमच्या बोर्डावरचा तो कागद कोणी लिहिला हे होस्टेलमध्ये अजून कोणाला कळलेलं नाही. अक्षरावरून बरेच अंदाज झाले. माझ्या रूममेटचं अक्षर तसंच आहे, पण मी तिला विचारलेलं नाही. हा लेख मात्र तिने छापायच्या आधी वाचला आणि पॅसेजबद्दलच्या एका वाक्यात दुरुस्ती केली: मी गुड नाईट लिहिलं होतं, तिने खोडून कासवछाप केलं.